‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द देणारा डॉक्टर: क्लेमेन्स फॉन पिर्के

गेल्या वर्षी घसा दुखत होता म्हणून अँटिबायोटिक घेतलं. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीबद्दल विचारलं तेव्हा मी बिनधास्त सांगितलं, हीच गोळी आधी घेतलीय, काही झालं नव्हतं. तासाभरात अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले. माझं लॉजिक कुठे चुकलं ते शोधताना मला पिर्के सापडले.

1874 मध्ये व्हिएन्नाजवळ जन्मलेले पिर्के आधी धर्मशास्त्र शिकले, मग तत्त्वज्ञान, आणि शेवटी मेडिकलला वळले. (ब्रँच बदलणारे तेव्हाही होते!) 1900 मध्ये डॉक्टर होऊन ते व्हिएन्नात लहान मुलांवर उपचार करू लागले. तेव्हा घटसर्प झाला की घोड्याच्या रक्तातून काढलेलं सीरम टोचायचे. त्याने जीव वाचायचा, पण काही मुलांना नंतर ताप यायचा, अंगावर चट्टे उठायचे, सांधे दुखायचे. सीरममध्येच विष असेल, असं कुणालाही वाटलं असतं.

पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी मात्र चक्क टाइमस्टॅम्प पाहिले. पहिल्या इंजेक्शननंतर त्रास साधारण 8 ते 12 दिवसांनी सुरू व्हायचा. तेच सीरम पुन्हा दिलं, की कधीकधी काही तासांतच! विष असतं तर दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला असता. म्हणजे बदललं होतं ते मुलाचं शरीर. पहिल्या वेळी अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात, दुसऱ्या वेळी शरीर तयारच असतं. आजार होतो तो अँटिबॉडी आणि सीरम यांच्या झटापटीतून. 1905 मध्ये दोघांनी यावर पुस्तक लिहिलं. 1906 मध्ये पिर्केंनी या बदललेल्या प्रतिसादाला ‘अ‍ॅलर्जी’ म्हटलं. ग्रीकमधले ‘वेगळं’ आणि ‘कार्य’ हे दोन शब्द त्यांनी जोडले होते.

मग 1907 मध्ये त्यांनी हीच आठवण टीबी ओळखायला वापरली. त्वचेवर ओरखडा काढून ट्युबरक्युलिन लावायचं. शरीराची टीबीच्या जंतूंशी आधी गाठ पडली असेल, तर तिथे लाल सूज येते. आपल्याकडे होणारी मांटू टेस्ट याच कल्पनेवर चालते.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी ऑस्ट्रियातल्या भुकेल्या मुलांना जेवण पुरवण्याचं मोठं काम सांभाळलं. अन्न मोजायला स्वतःचं युनिटसुद्धा बनवलं: एक ग्रॅम दुधाचं पोषण म्हणजे एक ‘नेम’. 1929 मध्ये, 54व्या वर्षी, त्यांनी पत्नीसह आत्महत्या केली.

माझ्या केसमध्ये यंत्रणा थोडी वेगळी होती. आयजीई नावाच्या अँटिबॉडी पेशींवर आधीच चिकटून बसलेल्या असतात. गोळी पोटात गेली की त्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि पित्त उठतं. पण या अँटिबॉडी बनतात आधीच्या डोसमुळेच. आता त्या गोळीचं नाव मी फोनच्या इमर्जन्सी माहितीत टाकलंय. लॉक न उघडताही ते दिसतं.