दिवाडीचे बिशप मातेउस

मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेट आम्हां गोमंतकीयांच्या परिचयाचे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुळात मातेउस द कास्त्रो जन्मास आले. बार्देशातील रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन साधूंपाशी त्यांनी विद्याभ्यास केला. आपण पाद्री व्हावे, ही त्यांची मनीषा होती. परंतु गोव्याचे पोर्तुगीज आर्चबिशप त्यांस दीक्षा देण्यास राजी होईनात. ज्या धर्मात सारी माणसे एकाच पित्याची लेकरे मानली जातात, त्याच्या वेदीपाशी जन्मभूमी आडवी यावी, हे आम्हांस आजही सलते.

मातेउस स्वस्थ बसले नाहीत. खुश्कीचा दीर्घ प्रवास करून १६२५ साली ते रोमला पोहोचले. तेथे १६२२ मध्ये पोपनी धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापिले होते. पूर्वेकडील बिशप नेमण्याचा हक्क पोर्तुगालचा राजा सांगे. तो पाश ढिला करावा आणि एतद्देशीय पाद्री तयार करावेत, असे मंडळाचे चिटणीस इंगोली यांचे मत होते. गोव्याने नाकारलेल्या तरुणास रोममध्ये विद्या मिळाली, दीक्षाही मिळाली, आणि १६३७ मध्ये बिशपपदाचा अभिषेक झाला. लॅटिन पंथाचे हे पहिले हिंदी बिशप होत.

आदिलशाही मुलखाचे धर्माधिकारी म्हणून ते परतले, तरी गोव्याने त्यांचा अधिकार मानला नाही. तेव्हा डिचोली विजापूरकरांच्या अमलाखाली होती. तेथे त्यांनी ठाणे दिले व चर्च उभारले. जन्मगाव काही कोसांवर, पण मध्ये परक्या राज्याची सरहद्द! त्या मनाची अवस्था काय झाली असेल?

त्यांचा स्वभाव मात्र तापट होता. १६५३ मध्ये त्यांनी गोव्यातील ब्राह्मणांस उद्देशून पोर्तुगिजांविरुद्ध जळजळीत पत्र लिहिले. डचांना व आदिलशहाला ते चिथावणी देतात, असा आरोपही पोर्तुगिजांनी ठेवला. आमच्या मते याहून मोठे वैगुण्य वेगळेच आहे: स्वतः भेदभावाचे चटके सोसूनही त्यांचा कैवार मुख्यत्वे स्वजातीपुरताच राहिला.

पुढे ते रोमला गेले आणि १६७७ मध्ये तेथेच वारले. विजापूरचे त्यांचे पद त्यांचे आप्त कुस्तोदियु द पिन्यु यांजकडे आले. खुद्द गोव्याच्या आर्चबिशपपदावर पहिला गोमंतकीय बसला तो १९७८ साली. त्यांचे नाव राउल गोन्साल्विस.