सोलापूरचे कविराय : शाहीर राम जोशी

कलावंताचे जीवन दुरून मोहक दिसते. मात्र ज्या घरातील मुलगा रूढ वाट सोडून गाण्यामागे निघतो, त्या घराला त्याची किंमत ठाऊक असते. आपल्या सोलापूर नगरीत सव्वादोनशे वर्षांपूर्वी ही किंमत मोजणाऱ्या एका कलावंताची आज आपण ओळख करून घेऊ या.

राम जोशी यांचा जन्म १७६२ च्या सुमारास सोलापुरात एका विद्वान ब्राह्मण घराण्यात झाला. त्यांचे थोरले बंधू मुद्गल हे व्युत्पन्न पंडित व कीर्तनकार होते. धाकट्या भावाने पोथ्यापुराणांत रमावे, अशी घराची अपेक्षा होती. रामचे मन मात्र डफ आणि तुणतुण्याच्या नादाकडे ओढ घेत होते. गावातील धोंडी शाहिराच्या फडात त्यांची ये-जा सुरू झाली आणि ते लावण्या रचू लागले. त्या काळी प्रतिष्ठित घराण्यातील मुलाने तमाशात उभे राहणे हा कुळाला बट्टा मानला जाई. अखेर मुद्गलांनी त्यांना घराबाहेर काढले.

दार बंद झाले, पण राम जोशी खचले नाहीत. सोलापूरहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरील पंढरपुरात जाऊन त्यांनी बाबा पाध्ये यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन केले. परत आल्यावर ते कीर्तने करू लागले, तेव्हा त्यांच्या विद्वत्तेची लोकांना प्रचीती आली. तरीही डफाची ओढ सुटली नाही, आणि कीर्तनकार पुन्हा शाहीर झाला.

आमच्या मते त्यांचे मोठेपण येथेच आहे. त्यांनी पंडितांची विद्या फडात नेली आणि फडातील गोडवा कीर्तनात आणला. बारामतीचे पंडितकवी मोरोपंत यांच्या आर्या संस्कृतप्रचुर समासांनी भरलेल्या असत. सामान्य माणसाला त्या वाचून उमगणे कठीण होते. राम जोशींनी त्या कीर्तनातून गोड गळ्याने गाऊन दूरवर लोकप्रिय केल्या. मोरोपंतांनाही या शाहिराचे मोठे कौतुक होते.

त्यांच्या प्रेरणेत सोलापूरचाही वाटा असावा, असे आम्हांस वाटते. या नगरीत मराठीबरोबर कानडीही नित्य कानी पडते. राम जोशींनी मराठी, कानडी, हिंदी आणि संस्कृत या भाषा आपल्या रचनांत खेळविल्या. शृंगाराच्या लावण्यांबरोबर वैराग्याचा उपदेश करणाऱ्या लावण्याही त्यांनी लिहिल्या. शेवटी कविराय ही आपली मुद्रा ते घालीत. १८१३ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. पुढे १९४७ साली राजकमल कलामंदिराने त्यांच्या जीवनावर लोकशाहीर राम जोशी हा चित्रपट काढला. त्यात जयराम शिलेदार यांनी शाहिराची भूमिका केली आणि महाराष्ट्राला या सोलापूरकराची नव्याने ओळख झाली.

मुद्गलांना दोष देणे आज सोपे आहे. पण त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते? आपल्याही घरी एखादा मुलगा अभ्यास बाजूला सारून वाद्य घेऊन बसत असेल. त्याच्या भवितव्याची काळजी आपण जरूर करावी, शिस्तही लावावी. पण दार मात्र लावून घेऊ नये. राम जोशींना विद्या मिळाली आणि कीर्तीही लाभली. मात्र त्यासाठी त्यांना आधी स्वतःचे घर सोडावे लागले.