चेरीच्या झाडापलीकडचा जॉर्ज वॉशिंग्टन : मृत्युपत्रांतून वाचलेलं एक आयुष्य



जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट आपण परिपाठात किती वेळा सांगितली असेल! हातात नवी कुऱ्हाड, तोडलेलं चेरीचं झाड आणि वडिलांपुढे खरं बोलणारा मुलगा. मीही दरवर्षी २२ फेब्रुवारीच्या दिनविशेषात ती सांगत आले. एकदा गोष्ट संपल्यावर चौथीतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, की बाई, ते झाड लावलं कोणी होतं? मी माळ्याने असं म्हणून पुढे गेले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून सुट्टीत बसून वाचलं, आणि जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी गोष्टीचं सांगते. ती खरी नाही. मेसन वीम्स नावाच्या एका धर्मोपदेशकाने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर त्याचं चरित्र लिहिलं आणि १८०६ च्या आवृत्तीत ही गोष्ट घातली. म्हणजे खरं बोलण्याची ही गोष्टच बनवलेली! मग खरं कुठे शोधायचं?

आपल्याकडे घराण्याचा माग काढायचा तर आपण सातबारा, फेरफार, वारसनोंद बघतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया प्रांतात जमीनदार घराण्यांचा माग लागतो तो मृत्युपत्रांतून आणि माणूस वारल्यावर कोर्टात दाखल होणाऱ्या मालमत्तेच्या याद्यांतून. या याद्या वाचताना अंगावर काटा येतो. गाई, घोडे, पलंग, भांडी, आणि त्याच यादीत माणसांची नावं, प्रत्येकापुढे किंमत. ज्यांना गुलाम करून ठेवलं होतं त्यांचं नाव कागदावर यायचं ते बहुतेक वेळा असंच, दुसऱ्याची मालमत्ता म्हणून.

वॉशिंग्टनचा जन्म १७३२ चा. त्याचे वडील ऑगस्टीन १७४३ मध्ये वारले. तेव्हा जॉर्ज ११ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या पाचवीतल्या मुलाएवढा. वडिलांच्या मृत्युपत्राने त्याला जमीन मिळाली आणि १० गुलाम मिळाले. पाचवीतलं पोर दहा माणसांचं मालक झालं. त्या घरात, त्या समाजात यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही, हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं समजायला ते लागतं. पुढे सावत्र भाऊ लॉरेन्स वारला आणि त्याच्या मृत्युपत्रातल्या तरतुदीने, त्याच्या विधवेच्या मृत्यूनंतर, १७६१ मध्ये माउंट व्हर्नन ही मोठी शेतवाडी जॉर्जकडे आली.

पण सगळ्यात महत्त्वाचा कागद कोणता, तर जो लिहिलाच गेला नाही तो.

डॅनियल पार्क कस्टिस नावाचा एक अतिश्रीमंत जमीनदार १७५७ मध्ये मृत्युपत्र न करताच वारला. मागे तरुण विधवा मार्था आणि दोन लहान मुलं. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर कायद्याने वाटणी झाली. विधवेला तिसरा हिस्सा, तोही फक्त हयातीपुरता. म्हणजे उत्पन्न खायचं, काम करून घ्यायचं, पण विकायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. तिच्यानंतर तो हिस्सा पहिल्या नवऱ्याच्याच वारसांना जाणार. या हिश्श्यात सुमारे ८४ माणसं होती. जानेवारी १७५९ मध्ये मार्थाने जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केलं आणि ही माणसंही हळूहळू त्याच्या कारभाराखाली आली.

आणखी एक कलम होतं. मूल कोणाच्या मालकीचं, हे आईवरून ठरायचं. बाप कोणीही असो. आई कस्टिसच्या हिश्श्यातली असेल तर मूलही त्याच हिश्श्यात. म्हणून ४० वर्षांत ८४ चे १५३ झाले.

पुढचं आयुष्य आपण पुस्तकात वाचलेलं आहे, म्हणून पटकन सांगते. १७७५ मध्ये सेनापती, इंग्रजांविरुद्ध आठ वर्षांचं युद्ध, १७८९ ते १७९७ पहिला राष्ट्राध्यक्ष. युद्धभर त्याच्यासोबत घोड्यावर असायचा तो विल्यम ली, १७६८ मध्ये विकत घेतलेला गुलाम. विल्यमसोबतच त्याचा भाऊ फ्रँकही विकत घेतला होता. हे फ्रँकचं नाव लक्षात ठेवा.

वॉशिंग्टनचे विचार युद्धानंतर बदलू लागले होते, हे त्याच्या खाजगी पत्रांवरून दिसतं. १७९४ मध्ये आपल्या सचिवाला लिहिताना त्याने जमीन विकून या माणसांना मोकळं करण्याचा मनसुबा सांगितला. पण वागणं मात्र तसं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष असताना तो फिलाडेल्फियात राहायचा. तिथला कायदा असा, की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर तो मोकळा होऊ शकतो. वॉशिंग्टन काय करायचा, तर मुदत भरायच्या आत त्यांना थोड्या दिवसांसाठी राज्याबाहेर पाठवायचा. पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या १७९३ च्या कायद्यावर सहीही त्याचीच. मला विचाराल तर इथे त्याची बाजू घेता येत नाही.

मे १७९६ मध्ये त्याच घरातून ओना जज नावाची तरुणी निघून गेली. ती मार्थाची खास दासी, कस्टिसच्या हिश्श्यातली. मार्थाच्या नातीला लग्नाची भेट म्हणून आपल्याला देणार आहेत, हे तिला कळलं होतं. घरची मंडळी जेवायला बसली असताना ती बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हँपशायरला पोहोचली. वॉशिंग्टनने तिला परत आणायचे प्रयत्न केले, पण ती गेली नाही. तिथेच वाचायला शिकली, संसार केला, १८४८ मध्ये वारली. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती शेवटपर्यंत कस्टिस वारसांची मालमत्ताच होती.

आता मुख्य कागद. १७९९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननवरच्या सगळ्या गुलामांची यादी केली. नाव, काम, नवरा कोण, बायको कोण, आणि कोण कोणाच्या मालकीचं. एकूण ३१७ माणसं. त्यातली १२३ त्याची स्वतःची, १५३ कस्टिस हिश्श्यातली, उरलेली दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेली. मग ९ जुलै १७९९ रोजी त्याने मृत्युपत्र पूर्ण केलं. २९ पानं, सगळी स्वतःच्या हाताने लिहिलेली. पानापानावर सही, एका पानावर तेवढी राहून गेली. (आपणही प्रगतिपुस्तकांवर सह्या करताना एखादी विसरतोच की.)

त्यात त्याने लिहिलं, की माझ्या मालकीचे सगळे गुलाम मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत. विल्यम ली मात्र लगेच, आणि त्याला वर्षाला ३० डॉलर. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना वारसांनी अन्नवस्त्र पुरवावं. ज्या मुलांना आईबाप नाहीत किंवा त्यांना सांभाळायची ऐपत नाही, त्यांना २५ वर्षांचं होईपर्यंत कामाला ठेवून लिहिणं-वाचणं आणि एखादा उपयोगी धंदा शिकवावा. शिक्षक म्हणून या कलमाशी मी थबकले. पुढे १८३१ मध्ये याच व्हर्जिनियाने मुक्त कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी जमणंच बेकायदा ठरवलं.

लगेच का नाही सोडलं? कारणही मृत्युपत्रातच आहे. त्याची माणसं आणि कस्टिस हिश्श्यातली माणसं यांची आपसांत लग्नं झाली होती. अर्ध्या कुटुंबाला सोडायचं आणि अर्ध्याला ठेवायचं, हे दुःख त्याला टाळायचं होतं. पण टाळलं असं नाही, मार्थाच्या मृत्यूपर्यंत पुढे ढकललं.

१४ डिसेंबर १७९९. घशाच्या आजाराने शेवटची घटका आली तेव्हा त्याने मार्थाला दोन मृत्युपत्रं आणायला सांगितलं. एक जाळायला लावलं, दुसरं जपून ठेवायला दिलं. २० जानेवारी १८०० रोजी ते फेअरफॅक्सच्या कोर्टात दाखल झालं.

आता मार्थाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. १२३ माणसांची सुटका तिच्या मरणावर टांगलेली, आणि हे त्या सगळ्यांना ठाऊक. तिला त्या घरात सुरक्षित वाटेना. डिसेंबर १८०० मध्ये तिने सुटकेच्या कागदावर सही केली आणि १ जानेवारी १८०१ रोजी वॉशिंग्टनची माणसं मुक्त झाली. तिच्या स्वतःच्या मालकीचा इलिश नावाचा एक गुलाम होता. त्याला ती सोडू शकत होती, कोणताही कायदा आड येत नव्हता. तिने तो मृत्युपत्राने नातवाला दिला.

आता फ्रँककडे येऊ. फ्रँक ली हा घरातला बटलर, वॉशिंग्टनच्या मालकीचा, म्हणून मुक्त झाला. त्याची बायको लुसी स्वयंपाकघरात राबायची. ती कस्टिस हिश्श्यातली, म्हणून ती गुलामच राहिली, आणि आईवरून ठरत असल्यामुळे मुलंही. एकाच घरातला बाप एका कागदावर आणि आई-मुलं दुसऱ्या. हर्क्युलिस हा नावाजलेला आचारी १७९७ मध्ये, नेमका वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, पळून गेला होता. तोही या मृत्युपत्राने कायद्याने मुक्त झाला, त्याची मुलं नाही. मे १८०२ मध्ये मार्था वारली आणि कस्टिस हिश्श्यातली माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. भावंडं वेगळी झाली, आया-लेकरं वेगळी झाली. ज्या कस्टिसला जाऊन ४५ वर्षं झाली होती, त्याच्या न लिहिलेल्या मृत्युपत्राचा हा हिशेब.

माउंट व्हर्ननची वाडी पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टनला मिळाली. तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश, स्वतःचे गुलाम घेऊन आला आणि १८२१ मध्ये त्यातली ५४ माणसं त्याने विकली. काकांचं मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांतला हा एक!

मार्थाचा नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस १८५७ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात लिहिलं, की माझे गुलाम पाच वर्षांच्या आत मुक्त करावेत. अंमलबजावणी जावयाकडे आली, आणि जावई होता रॉबर्ट ली, पुढे गुलामीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा सेनापती. त्याने पाच वर्षांची मुदत पुरती वापरली आणि २९ डिसेंबर १८६२ रोजी, युद्ध सुरू असतानाच, सुटकेच्या कागदावर सही केली. तीनच दिवसांनी लिंकनचा जाहीरनामा लागू झाला. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते हीच प्रथा मोडण्यासाठी झटलेले लोक.

वर्गात मी हे कसं घेतलं ते सांगते. तारखा सगळ्या गाळल्या. फळ्यावर दोन रंगांचे खडू घेतले. वॉशिंग्टनच्या मालकीचे ते पांढऱ्या खडूने, कस्टिस हिश्श्यातले पिवळ्याने. फ्रँक पांढरा, लुसी पिवळी. मग मुलांना नियम सांगितला आणि विचारलं, की यांच्या मुलांची नावं कोणत्या खडूने लिहायची? बरीचशी मुलं पांढऱ्या म्हणाली, कारण आपल्याकडे नाव बापाचं लागतं. पिवळ्या खडूने लिहायला लागल्यावर वर्ग गप्प झाला.

झाड कोणी लावलं असं विचारणाऱ्या त्या मुलालाही मी उत्तर दिलं. ते झाड गोष्टीतलं होतं, ते कोणीच लावलं नव्हतं. पण वडिलांची शेतं खरी होती, आणि त्यात राबणाऱ्यांपैकी दहा माणसं ११ वर्षांच्या जॉर्जच्या नावावर झाली होती. त्याने त्यांची नावं विचारली.