डॉ. भाऊ दाजी लाड : शिलालेखांचा वैद्य

गुरुकुंज मोझरीच्या परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्धा नदीच्या तीरावरील कौंडिण्यपूर परिचयाचे आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून भाविक जन तेथे जातात. परंतु तेथील पांढरीच्या मातीत जुन्या खापरांचे तुकडेही सापडतात, आणि १९६२ नंतर तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन होऊन ह्या जागेची प्राचीनता सिद्ध झाली, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. जमिनीत गाडलेली वस्तू किंवा दगडावर झिजलेले अक्षर हाही इतिहासाचा साक्षीदार आहे, ही दृष्टी आपल्या देशात गेल्या दीडदोनशे वर्षांत आली. महाराष्ट्रात ज्या थोर पुरुषाने ती रुजविली, त्या डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने मनन करण्यासारखे आहे.

भाऊंचे घराणे मूळचे गोमंतकातील. ‘भाऊ’ हे त्यांचे घरातील नाव व ‘दाजी’ हे वडिलांचे. घरची स्थिती अगदी बेताची होती. उदरनिर्वाहासाठी हे कुटुंब मुंबईस आले, तेव्हा भाऊ लहान होते. बुद्धिबळाच्या खेळात ह्या मुलाची विलक्षण चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यास इंग्रजी शिक्षण द्यावे असा वडिलांस आग्रह केला, आणि भाऊंचा विद्याभ्यास सुरू झाला. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांनी नाव मिळविले. काठेवाड व कच्छ ह्या प्रांतांतील बालहत्येच्या दुष्ट चालीवर निबंध लिहून त्यांनी पारितोषिक संपादन केले. काही काळ त्याच विद्यालयात शिक्षकाचे काम केल्यावर, १८४५ साली मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघताच, ते पुनश्च विद्यार्थी होऊन बाकावर बसले. त्या महाविद्यालयातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांची गणना होते.

वैद्यकीत त्यांचा उत्तम जम बसला. श्रीमंतांकडून त्यांना पुष्कळ धन मिळे, तर गोरगरिबांस ते विनामूल्य औषध देत. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांचेही ह्या कार्यात साहाय्य असे. महारोगावर उपाय सापडावा म्हणून भाऊंनी जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांचा आधार घेऊन दीर्घ काळ प्रयोग केले. हे ग्रंथ धुंडाळीत असता जुन्या पोथ्या, नाणी व लेख ह्यांचा त्यांना छंद लागला, आणि छंदाचे रूपांतर लौकरच व्रतात झाले. दिवसभर रोगी तपासावेत आणि उरलेला वेळ पुसट अक्षरांस द्यावा, असा त्यांचा क्रम पडला.

ह्याच सुमारास युरोपातही एक व्यवसायी मनुष्य प्राचीनाच्या शोधास लागला होता. हाइनरिख श्लीमान हा जर्मन गृहस्थ निळीच्या व्यापारात श्रीमंत झाला आणि होमरच्या काव्यातील ट्रॉय नगर शोधण्यासाठी त्याने १८७१ पासून हिसार्लिक येथील टेकाड खणविले. १८७३ साली त्यास तेथे सोन्याचा साठा सापडला व त्याची कीर्ती जगभर झाली. परंतु घाईने खोल चर खणताना अनेक वरचे थर त्याने कायमचे नष्ट केले, असा दोष पुढील संशोधकांनी त्यास दिला. भाऊंच्या हाती सोने लागले नाही. त्यांचे धन म्हणजे कागदावर उतरविलेले शिलालेखांचे ठसे. पण त्या संशोधनात मूळ वस्तूस धक्का लागत नसे.

१८६३ साली भाऊंनी अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांवरील आपले संशोधन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडले. सोळाव्या लेण्याच्या ओवरीबाहेरील भिंतीवर एक मोठा लेख आहे. शेकडो पावसाळ्यांनी त्यातील कित्येक अक्षरे खाऊन टाकली होती, आणि उरलेलीही प्रतिवर्षी झिजतच होती. ती वेळीच टिपून ठेवली नसती, तर एका राजघराण्याची वंशावळ कायमची लुप्त होण्याचे भय होते. भाऊंनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला आणि विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंतच्या वाकाटक राजांची परंपरा विद्वानांपुढे आली. हरिषेणाचा सचिव वराहदेव ह्याने हे लेणे कोरविले, हेही त्यावरून कळते.

ह्या कथेचा पुढील भाग तर आपल्या वऱ्हाडाशी निगडित आहे. १९३९ साली वाशीम येथे वाकाटकांचा एक ताम्रपट प्रकाशात आला. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. त्या ताम्रपटाच्या साहाय्याने महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला, तेव्हा पूर्वीच्या वाचनातील एका राजाचे नाव रुद्रसेन नसून सर्वसेन आहे असे सिद्ध झाले. म्हणजे भाऊंच्या पिढीने जे अर्धे वाचले, ते वऱ्हाडच्या भूमीने पुरे करून दिले! भाऊंची सर्वच मते टिकली असे नाही. कालिदास व काश्मीरचा मातृगुप्त हे एकच, हे त्यांचे अनुमान पुढे मान्य झाले नाही. तथापि आपले प्रमाण सर्वांपुढे उघडे ठेवणाऱ्याची चूकही विद्येस उपकारकच ठरते, कारण मागून येणाऱ्यास ती दुरुस्त करता येते.

भाऊंचे दुसरे मोठे कार्य म्हणजे त्यांनी घडविलेला माणूस. जुनागडचे तरुण संशोधक भगवानलाल इंद्रजी ह्यांना त्यांनी आपल्याजवळ आणिले, आणि लेखांचे ठसे घेण्यासाठी पदरच्या खर्चाने देशभर पाठविले. गिरनारजवळील रुद्रदाम्याच्या प्रसिद्ध लेखाचा अभ्यासही भाऊंनी केला. मौर्यकालात बांधलेल्या सुदर्शन तलावाचा बांध अतिवृष्टीने फुटला व तो पुन्हा बांधविला, हे वृत्त त्या पाषाणावर कोरलेले आहे.

एवढे करूनही लोककार्यात ते मागे नव्हते. मुलींच्या शिक्षणास त्यांनी सतत पाठबळ दिले. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस झाले. १८६९ व १८७१ साली त्यांस मुंबईच्या शेरीफपदाचा मान मिळाला. मुंबईच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या संग्रहालयास १९७५ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

३१ मे १८७४ रोजी भाऊंचे देहावसान झाले. महारोगावरील प्रयोग अपुरे राहिले, जमविलेले पुष्कळ लेख अप्रकाशित राहिले. भगवानलाल नेपाळच्या प्रवासाहून परतले, तेव्हा त्यांचा आश्रयदाता ह्या जगात नव्हता. परंतु शिष्याने हाती घेतलेले काम सोडिले नाही. नेपाळचे ते लेख १८८० साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे हॉलंडातील लायडन विद्यापीठाने भगवानलालांस सन्मानाची पदवी अर्पण केली.

विद्यार्थिमित्रहो, शेतात नांगराच्या फाळास एखादे जुने खापर अथवा नाणे लागले, किंवा पडक्या देवळाच्या शिळेवर अक्षरे दिसली, तर ती फोडू नका, शेंदूर फासून झाकू नका. गुरुजींस व जाणत्या मंडळींस दाखवा. एका वैद्याने रोग्यांची सेवा करून उरलेल्या वेळात मुक्या दगडांची नाडी पाहिली, म्हणून वाकाटकांची परंपरा आपणांस कळली. आपल्या पायाखालच्या मातीतही असा एखादा लेख आपल्या वाचकाची वाट पाहत असेल.