नादाला अंकांत बांधणारे अॅलेक रीव्ह्ज

आज घरोघरी जे संगीत ऐकू येते ते कोठून येते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? तबकडी फिरत नाही, फीत उलगडत नाही, तरी गवयाचा स्वर कानाशी येऊन उभा राहतो. मोबाइलच्या पोटात गाणे नसते. असते ती शून्य आणि एक या दोन चिन्हांची लांबच लांब ओळ. त्या ओळीतून पुन्हा नाद उभा करणाऱ्या उपकरणास डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर, किंवा बाजारातील सुटसुटीत नावाने ‘डॅक’, असे म्हणतात. खिशात मावणारा बोटाएवढा डॅक कोणता घ्यावा, याची चर्चा वरच्या वर्गांतील मुले आणि त्यांचे पालकही अलीकडे हिरिरीने करतात. ती चर्चा ऐकताना मला नेहमी एका इंग्रज अभियंत्याची आठवण होते. दूरसंचाराच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु ज्यांच्या कानी त्यांच्या कल्पनेचे फळ रोज पडते त्यांच्यापर्यंत ते क्वचितच पोहोचले आहे.

अॅलेक हार्ली रीव्ह्ज यांचा जन्म १० मार्च १९०२ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात रेडहिल या गावी झाला. त्यांचे वडील एडवर्ड रीव्ह्ज हे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नकाशासंग्रहाचे प्रमुख होते. दूरदेशी निघालेल्या प्रवाशांना भूमापनाचे धडेही तेच देत. अज्ञात अरण्यातील एखादे स्थळ अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत पकडावे आणि ते आकडे घरी आणून त्यांवरून नकाशा उभा करावा, ही विद्या ज्या घरात नित्य चालत होती, त्या घरातील मुलाने पुढे आवाजाच्या बाबतीत नेमके तेच करावे, हा योगायोग मला मोठा मनोहर वाटतो. रायगेट येथील शाळेत आणि नंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिक्षण पुरे करून १९२३ साली ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत दाखल झाले. अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी दूरध्वनी पोहोचविण्याचे काम तेव्हा चालू होते. त्यात हात घालून काही वर्षांनी ते कंपनीच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेत गेले. १९३१ मध्ये इंग्लिश खाडीच्या दोन तीरांवरून अतिशय आखूड लहरींनी संभाषण करून दाखविण्यात आले; त्या कामातही त्यांचा वाटा होता.

पॅरिसमध्ये त्यांना एका जुन्या दुखण्याने पछाडले. तारेतून जाणारा आवाज वाटेत क्षीण होतो. म्हणून ठिकठिकाणी यंत्रे बसवून तो मोठा करावा लागतो. परंतु यंत्राला बोलणे कोणते आणि खरखर कोणती हे कळत नाही. ते दोन्ही सारखेच मोठे करते. पुढच्या यंत्रात जुनी खरखर आणि तिच्यावर नवी, असे होत होत हजार मैलांनंतर बोलणाऱ्याचे शब्द गोंगाटात बुडून जातात. प्रवर्धक कितीही उत्तम केला तरी हा दोष कमी होई, नाहीसा होत नसे.

रीव्ह्ज यांनी १९३७ साली या प्रश्नाकडे अगदी निराळ्या बाजूने पाहिले. त्यांची युक्ती वर्गातल्या उदाहरणाने सांगतो. मी फळ्यावर एक वळणदार रेषा काढली, पहिल्या मुलाने ती पाहून आपल्या वहीत उतरविली, दुसऱ्याने पहिल्याची वही पाहून, तिसऱ्याने दुसऱ्याची. चाळिसाव्या मुलाच्या वहीतील रेषा माझ्या रेषेशी नातेही सांगणार नाही. आता मी तीच रेषा चौकटीच्या कागदावर काढून ठरावीक अंतरावरील तिची उंची आकड्यांनी सांगितली: सात, नऊ, बारा, दहा. हे आकडे वेड्यावाकड्या अक्षरांत का उतरविले जाईनात, जोवर सात हा सात म्हणून ओळखता येतो तोवर चाळिसावा मुलगा त्यांवरून जी रेषा काढील ती पहिल्या मुलाच्या रेषेसारखीच असेल. चुकीचा साठा होतच नाही. प्रत्येक मुलगा आकडा नव्याने, स्वच्छ लिहितो.

आवाज म्हणजे हवेच्या दाबाची अशीच एक वळणदार रेषा असते. घुमटावर थाप पडली की तिचा कंप किती वाढला, किती ओसरला, हे क्षणाक्षणाला मोजता येते. रीव्ह्ज यांनी सुचविले की सेकंदास काही हजार वेळा ही उंची मोजावी, प्रत्येक उंचीस जवळचा पूर्णांक द्यावा, तो पूर्णांक द्विमान पद्धतीने लिहावा आणि विजेचा ठोका आहे वा नाही, एवढ्या दोनच खुणांनी तारेवरून पाठवावा. वाटेतील यंत्राने ठोका मोठा करावयाचा नाही. तो आहे की नाही एवढेच ओळखून नवा कोरा ठोका पुढे धाडावयाचा. या पद्धतीस पल्स कोड मॉड्युलेशन म्हणतात. तिचे फ्रेंच पेटंट त्यांनी १९३८ साली मागितले, आणि १९४२ मध्ये अमेरिकेचेही मिळाले.

कल्पना पूर्ण होती. काळ मात्र अपुरा होता. ट्रान्झिस्टरचा जन्म व्हावयास अजून दहा वर्षे होती. एकेका आवाजाचे असे अंक करावयाचे म्हणजे काचेच्या तापट व्हॉल्व्हांनी भरलेली कपाटे लागली असती. एवढा खर्च साध्या दूरध्वनीसाठी कोण करणार? युद्धकाळात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने लंडन व वॉशिंग्टन यांच्यामधील गुप्त संभाषणासाठी या तत्त्वावर एक यंत्रणा उभारली खरी. १९४३ मध्ये ती सुरू झाली. पण तो राजेशाही खर्च होता.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन सेना पॅरिसच्या वेशीपाशी आली आणि रीव्ह्ज मायदेशी परतले. येथून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड पर्व सुरू होते. संहारक शस्त्रांच्या कामास हात लावण्यास त्यांचे मन तयार नव्हते. दुसऱ्या बाजूस परिस्थिती अशी, की रात्रीच्या अंधारात ब्रिटिश विमाने लक्ष्यापासून कित्येक मैलांवर बाँब टाकून येत, आणि खाली कोण मेले याचा पत्ता टाकणाऱ्यालाही नसे. नेम अचूक झाला तर निरपराध माणसे कमी मरतील, असा विचार करून त्यांनी शेवटी ते काम पत्करले.

एफ. ई. जोन्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ‘ओबो’ ही यंत्रणा घडविली. ओबो हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील एक सुषिर वाद्य. वैमानिकाच्या कानी पडणारा संकेत त्या वाद्याच्या स्वरासारखा लागे, म्हणून हे नाव. इंग्लंडच्या किनाऱ्यावर दोन केंद्रे असत. एक केंद्र विमानाचे अंतर सतत मोजून त्यास एका निश्चित वर्तुळकंसावर ठेवी. वैमानिक मार्गावर असला की अखंड स्वर, आत वा बाहेर सरकला की तुटक ठोके. दुसरे केंद्र बाँब सोडण्याचा क्षण कळवी. शेकडो मैलांवरून दिलेली ही सूचना शे-दोनशे यार्डांच्या आत खरी उतरे. डिसेंबर १९४२ मध्ये मॉस्किटो विमानांनी तिचा पहिला उपयोग केला.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण चरित्र म्हणजे केवळ आरती नव्हे. १९४३ च्या मार्चपासून ओबोने निशाणी करावी आणि मागून येणाऱ्या शेकडो जड विमानांनी त्या निशाणीभोवती बाँबवर्षाव करावा, अशी रीत रूर खोऱ्यातील शहरांवर सुरू झाली. नेम अचूक होता. पण तो कारखान्यांबरोबर शहरावरही होता. नागरिक वाचतील या आशेने घडविलेले साधन एसेनसारखी शहरे उद्ध्वस्त करण्याच्या कामी आले. आणि त्याच साधनाने १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यांत, नेदरलँड्समधील उपाशी जनतेसाठी विमानांतून अन्नाची पोती टाकावयाची तेव्हा ती कोठे टाकावीत त्या जागाही दाखविल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी फेडली असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

युद्धानंतर ट्रान्झिस्टर आला, स्वस्त झाला, आणि १९६२ मध्ये अमेरिकेत दूरध्वनीच्या तारांवर चोवीस संभाषणे एकत्र अंकरूपाने धावू लागली. तोवर रीव्ह्ज यांच्या पेटंटांच्या मुदती संपल्या होत्या. ज्या पद्धतीवर पुढे साऱ्या जगाचा व्यवहार उभा राहिला तिच्यापासून तिच्या जनकाला द्रव्यलाभ असा झालाच नाही. मानसन्मान मात्र उशिरा का होईना मिळाले. १९६९ साली त्यांना सी. बी. ई. हा किताब लाभला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश टपालखात्याने त्यांच्या शोधावर एक शिलिंगाचे तिकीट काढले.

बोलण्यासाठी शोधलेली ही पद्धत संगीताला लागू झाली ती जपानात. तेथील एन. एच. के. या नभोवाणी संस्थेने १९६७ मध्ये अंकांवर आधारलेले ध्वनिमुद्रणयंत्र दाखविले. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात सेकंदास ४४,१०० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक मोजणीस ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक दिली जाते. यालाच १६ बिट म्हणतात. ४४,१०० हा आकडा हवेतून आलेला नाही. ज्या कंपसंख्येपर्यंतचा स्वर पकडावयाचा तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी हवी, हे नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या गणिताने सिद्ध झाले आहे. आणि तरुण, निरोगी कानाची धाव सुमारे २०,००० पर्यंतच असते. आजच्या ‘हाय-रेझोल्यूशन’ संगीतात २४ बिट आणि ९६,००० किंवा १,९२,००० मोजण्या असतात. पायऱ्यांची संख्या १,६७,७७,२१६ होते.

येथेच खरेदीदार फसतो. डब्यावर आकडा जेवढा मोठा तेवढा डॅक चांगला, असे त्यास वाटते. परंतु २४ बिटांची सूक्ष्मता पूर्णत्वाने दाखवील असे मंडल अद्याप कोणाच्याही हातून घडलेले नाही. विजेची स्वतःची सूक्ष्म खरखर खालच्या पायऱ्या गिळून टाकते. म्हणून आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. आपले हेडफोन वायरचे आहेत की ब्लूटूथचे? ब्लूटूथचे असतील तर अंकांचा नाद त्या हेडफोनमध्येच होतो आणि विकत घेतलेला डॅक खिशात निजून राहतो. डॅकचा आउटपुट इंपीडन्स किती? तो हेडफोनच्या इंपीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा; ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. तसे नसेल तर कित्येक हेडफोनांत खर्जाचा तोल बिघडतो. तिसरी गोष्ट मोबाइलची: पुष्कळ मोबाइल येणारे सारे संगीत आधी ४८,००० च्या मापात बसवून मगच पुढे देतात. अॅपमध्ये हा फेरफार टाळण्याची सोय आहे का, हे पाहावे. नाही तर १,९२,००० चे पैसे मोजून ४८,००० ऐकावे लागते. डॅक मोबाइलच्याच बॅटरीवर चालतो आणि २४ बिटांचे संगीत तासाला सुमारे एक गिगाबाइट डेटा खाते, हेही घरच्या हिशेबात धरावे. माझे मत विचाराल तर, पैसे मर्यादित असता आधी बरे हेडफोन घ्यावेत आणि डॅक साधा घ्यावा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्यांच्या नावाचा अभिमान बाळगला जातो त्या केरीच्या केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आज अंकरूपात ऐकावयास मिळतात. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या मुद्रणांतील खरखरही अंकांनी इमानाने जपली आहे. महागडा डॅक ती पुसणार नाही आणि स्वस्त डॅक बाईंचा स्वर हिरावून नेणार नाही.

रीव्ह्ज यांना यातले काही पाहावयास मिळाले नाही. उतारवयात हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन प्रयोगशाळेत त्यांचे लक्ष प्रकाशाकडे वळले होते. तारेऐवजी प्रकाशकिरणाने संदेश न्यावेत, या त्यांच्या ध्यासातून तेथे संशोधकांचा एक गट तयार झाला. त्याच प्रयोगशाळेतील चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये काचतंतूतून हे साधता येईल असे दाखवून दिले. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रीव्ह्ज यांनी विवाह केला नाही. तुरुंगातून सुटणाऱ्यांना पुन्हा पायावर उभे करण्याच्या आणि तरुणांच्या कार्यात त्यांचा फावला वेळ जाई. मृतात्म्यांशी संपर्क होतो यावरही त्यांचा विश्वास होता. एवढ्या काटेकोर बुद्धीच्या माणसाने हे मानावे याचे त्यांच्या सहकाऱ्यांना नवल वाटत असे, आणि मलाही वाटते. १३ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांचे देहावसान झाले. पहिली कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस येण्यास तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता.