शिंपल्यात लपलेलं उत्तर

कोरियन सिरीजमध्ये किंबाप खाणारे हिरो-हिरॉईन तुम्ही पाहिले असतीलच. सुशीचे फोटो तर इन्स्टावर रोज दिसतात. भाताभोवती गुंडाळलेला तो काळपट, कागदासारखा पापुद्रा म्हणजे समुद्रातलं शेवाळ. जपानी लोक त्याला नोरी म्हणतात. आज ते हुकमी पिकवता येतं, आणि त्यामागे इंग्लंडमधल्या एका बाईंचा रिसर्च आहे. जपानमध्ये त्यांना ‘समुद्राची आई’ म्हणतात. नाव कॅथलीन ड्र्यू-बेकर.

लग्न झालं, नोकरी गेली

कॅथलीन यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९०१ रोजी लँकेशायरमधल्या ली या गावी झाला. स्कॉलरशिप मिळवून त्या मँचेस्टर विद्यापीठात बॉटनी शिकल्या आणि १९२२ मध्ये फर्स्ट क्लासने पास झाल्या. तिथेच लेक्चरर झाल्या. पुढे फेलोशिप मिळाली, कॅलिफोर्नियात दोन वर्षं काम केलं, शेवाळाचे नमुने गोळा करायला थेट हवाईपर्यंत जाऊन आल्या. करिअर अगदी जोरात चाललेलं.

१९२८ मध्ये त्यांनी हेन्री राइट-बेकर या प्राध्यापकांशी लग्न केलं, आणि त्यांची नोकरी गेली. विवाहित बायकांना नोकरीवर ठेवायचं नाही, असा तेव्हा विद्यापीठाचा नियम होता. नवऱ्याची नोकरी मात्र शाबूत! तुमच्यावर अशी वेळ आली असती तर काय केलं असतं? कॅथलीन लॅबमध्ये येत राहिल्या. छोटी रिसर्च स्कॉलरशिप आणि पुढे बिनपगारी संशोधक हे पद, एवढ्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. दोन मुलंही वाढवली.

उन्हाळ्यात हे जातं कुठे?

त्यांचा विषय होता पॉर्फिरा. नोरीचाच हा ब्रिटिश नातेवाईक, वेल्समध्ये लोक तो आवडीने खातात. गंमत अशी, की हंगाम संपला की याची पानं गायब होतात आणि पुढच्या हंगामात परत उगवतात. मधल्या काळात ते असतं कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

जपानी कोळ्यांसाठी हा पोटाचा प्रश्न होता. ते शरद ऋतूत उथळ समुद्रात बांबू रोवायचे, जाळी लावायचे आणि वाट बघत बसायचे. बी कुठून येतं हेच ठाऊक नाही, त्यामुळे सगळा नशिबाचा खेळ. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पीक पार बुडालं.

इकडे कॅथलीन पॉर्फिराचे बीजाणू लॅबमध्ये वाढवत होत्या. शिंपले ठेवल्यावर बीजाणूंतून निघालेले बारीक गुलाबी धागे शिंपल्याच्या आत घुसले. या धाग्यांना शास्त्रज्ञ आधीपासून ओळखत होते, पण एक वेगळीच जात म्हणून. तिचं नावसुद्धा वेगळं होतं, कॉन्कोसेलिस. कॅथलीन यांनी दाखवून दिलं, की दोन्ही एकच! १९४९ मध्ये ‘नेचर’ या जर्नलमध्ये त्यांचा छोटासा पेपर आला.

लपण्याचं कारण

आता तुम्ही विचाराल, शेवाळाला एवढी लपाछपी कशाला? समुद्रात शेवाळ चरणारे कमी नाहीत. गोगलगायी, सी अर्चिन, मासे सगळे टपलेले असतात, आणि पळून जायला शेवाळाला पाय नाहीत. मग काही शेवाळं केमिस्ट्रीचा आधार घेतात. तपकिरी शेवाळं फ्लोरोटॅनिन नावाची तुरट द्रव्यं बनवतात. डेस्मारेस्टिया तर पेशींमध्ये चक्क सल्फ्युरिक ॲसिड साठवतं. पॉर्फिराचं पान मात्र पातळ, कित्येकदा एकाच पेशीच्या जाडीचं. शिंपल्याच्या आत राहिलं की चरणाऱ्यांपासून बचाव होतो. १९८० मध्ये जेन लुबचेन्को आणि क्युबिट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हीच कल्पना तपासली. चरणारे प्राणी बाजूला केल्यावर अशा काही शेवाळांची पानं एरवी न दिसणाऱ्या मोसमातही उगवली. म्हणजे कॅथलीन यांनी शोधलेला शिंपला बहुधा या शेवाळाचा किल्लाही आहे.

जपानला मिळालेली किल्ली

क्युशू विद्यापीठातल्या सेगावा यांनी हा शोध जपानी नोरीवर तपासला. मग फुसाओ ओटा आणि इतर संशोधकांनी शेतीची पद्धत बसवली. टाक्यांमधल्या शिंपल्यांवर धागे वाढवायचे, पाणी गार झालं की त्यातून सुटणारे बीजाणू जाळ्यांवर घ्यायचे आणि जाळी समुद्रात लावायची. नशिबावरचं पीक हातात आलं.

कॅथलीन यांनी यातून पैसा कमावला नाही. जपानला त्या कधी गेल्याही नाहीत. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश फायकॉलॉजिकल सोसायटीच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १४ सप्टेंबर १९५७ रोजी, अवघ्या ५५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

१९६३ मध्ये जपानी कोळ्यांनी वर्गणी काढून आरियाके समुद्राकाठी, उतो इथे त्यांचं स्मारक उभारलं. दर १४ एप्रिलला तिथे त्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. ज्या बाईंना विद्यापीठाने पगार नाकारला, त्यांच्या नावाने परक्या देशातले मच्छीमार आजही हात जोडतात.

पुढच्या वेळी सुशी मागवलीत, तर तो काळा पापुद्रा सोलून बाजूला ठेवू नका.