सरफोजी राजे आणि त्यांची नेत्रचित्रे

तंजावरहून पट्टुकोट्टईच्या वाटेवर ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ छत्राची जुनी वास्तू उभी आहे. वाटसरूंस अन्न, रुग्णांस औषध आणि मुलांस विद्या मिळावी म्हणून हे छत्र उभारणारे दुसरे सरफोजी राजे भोसले यांचे स्मरण महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या आम्हां कुटुंबांस विशेष अगत्याचे वाटते.

सन १७७७ मध्ये जन्मलेल्या सरफोजींस तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले. त्याच वर्षी महाराज निवर्तले आणि गादी अमरसिंगांकडे गेली. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये त्यांस गादी मिळाली. परंतु पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. तेव्हा राजांनी आपले चित्त विद्येकडे वळविले. सरस्वती महालात ग्रंथ जमविले, देवनागरी छापखाना घातला आणि धन्वंतरी महालात रोगचिकित्सा सुरू केली. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे चितारून घेऊन त्यांसोबत रोगाची व उपचारांची हकीकत लिहविली.

१८३२ मध्ये राजे कैलासवासी झाले व हा ठेवा पुत्र शिवाजी राजांकडे आला. १८५५ मध्ये तेही पुत्राविना निवर्तले. कंपनीने राज्याबरोबर राजवाड्यातील खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला; पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. राज्यसत्तेने केलेल्या अशा कृत्याची चौकशी न्यायालयास करता येत नाही, असे ठरले. तथापि १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राजकुटुंबास परत केली. पुढे १९१८ मध्ये सरस्वती महालाचा संग्रह सार्वजनिक झाला. ती नेत्रचित्रे आज तेथेच जतन केलेली आहेत.

राजा, कंपनी, राण्या आणि अखेर सर्व जनता, अशी ही मालकी फिरली. हक्काने जे राखता आले नाही, ते लोकांच्या स्वाधीन झाल्यावर टिकले. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी पेटीच्या तळाशी मोडी कागद व जुनी चित्रे पडून आहेत. ती वाचणारी पिढी आता विरळ होत आहे. कसर लागण्यापूर्वी ती एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी आमची विनंती आहे.